एका टेकडीवरची दोन स्मारके

महाबळेश्वरची बाजारपेठ मराठी पर्यटकाला नवी नाही. तिथला मध, तिथले चणे आणि चपला, हंगामातली स्ट्रॉबेरी हे सारे आपल्या सहलींच्या आठवणींचा भाग झालेले आहे. या पेठेचे मूळ नाव 'माल्कम पेठ' हे मात्र आता कागदपत्रांत आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरले आहे. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरच्या पठारावर गोऱ्या अंमलदारांसाठी हवापालटाचे ठाणे वसवावे, हे त्याने मनावर घेतले आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून दुसऱ्या गावाच्या मोबदल्यात ही जागा मिळवली. पेठेला त्याचे नाव मिळाले ते यामुळे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला माल्कम आणखी एका प्रसंगातून माहीत असतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने तो आघाडीवर होता. पुढे जून १८१८ मध्ये अशीरगडाच्या परिसरात दुसरा बाजीराव शरण आला, तो याच माल्कमला. वर्षाला आठ लाखांचे पेन्शन आणि तीर्थक्षेत्री वास ही कलमे त्यानेच ठरवली. इतकी मोठी रक्कम कबूल केल्याबद्दल गव्हर्नर जनरलने नाराजीही दाखवली. पेशवाईचा शेवट रणांगणावर झाला असे आपण म्हणतो. कागदावरचा शेवट मात्र या माणसाच्या तंबूत झाला.

हा माणूस आला कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्कॉटलंडच्या दक्षिणेतले एक लहानसे गाव समोर येते आणि मग माल्कम बाजूला राहून गावच आपल्याला धरून ठेवते. या लेखाचा विषय ते गाव आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. एखादे लहान गाव आपल्या भूतकाळातले काय उंचावर ठेवते, काय बाजूला ठेवते आणि पाहुण्याला काय दाखवते, हे तपासावे एवढाच उद्देश आहे.

गावाचे नाव लिहिताना लँगहोम असे लिहितात. उच्चार मात्र लँगम असा करतात. इंग्लंडची सरहद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे. एस्क, यूज आणि वॉकप या तीन नद्यांचा संगम गावातच होतो. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या घरातली. गावाच्या डोक्यावर व्हिटा नावाची सुमारे ३५५ मीटर उंचीची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर सुमारे शंभर फूट उंच असा दगडी स्तंभ. १८३५ साली उभारलेला हा स्तंभ सर जॉन माल्कमचे स्मारक आहे. खोऱ्यात कुठूनही या, पहिल्यांदा नजरेस पडतो तो हाच.

त्याच टेकडीवर, पण माथ्यापासून दूर, डोंगररस्त्याच्या कडेला दुसरे एक स्मारक आहे. गंजलेल्या रंगाच्या पोलादाचे आणि ब्राँझचे, उघड्या पुस्तकाच्या आकाराचे. शिल्पकार जेक हार्वी याने ते १९८५ साली घडवले. हे स्मारक ख्रिस्तोफर मरी ग्रीव्ह या लँगमच्याच कवीचे. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला ह्यू मॅकडर्मिड या टोपणनावाने ओळखतात. एक साम्राज्य बांधणारा आणि दुसरा त्या साम्राज्याच्या भाषेशी जन्मभर भांडणारा, असे दोन शेजारी या टेकडीवर नांदत आहेत.

माल्कमची कथा आधी पाहू. लँगमजवळच्या बर्नफूट येथे १७६९ साली त्याचा जन्म झाला. बाप शेतकरी, मुले सतरा, आणि त्यात बाप कर्जात बुडालेला. अशा घरातल्या मुलांना दोनच वाटा होत्या: आरमार किंवा कंपनीची नोकरी. कंपनीच्या संचालकांपुढे जॉनला उभे केले तेव्हा तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे कोणी विचारताच, तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे उत्तर या पोराने दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे तो मद्रासेस आला, फारसी शिकला, इराणच्या दरबारी वकील म्हणून गेला, इराणचा इतिहास लिहिला आणि माळव्याच्या कारभारात असताना जमवलेल्या माहितीवरून मध्य हिंदुस्थानाविषयीचा दोन खंडांचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. होळकरशाहीचा अभ्यास करणाऱ्याला हा ग्रंथ आजही टाळता येत नाही. त्याचे भाऊही आरमारात आणि सैन्यात चढले; त्यांतल्या ॲडमिरल पल्टनी माल्कमचा पुतळा गावात आहे. या भावंडांना 'एस्कडेलचे सरदार' म्हणत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माल्कमसारखे लोक आपल्याला सरसकट 'इंग्रज' वाटतात, आणि आपल्या दृष्टीने ते चुकीचेही नाही. परंतु कंपनीच्या नोकरीत असे असंख्य स्कॉट होते. मुंबईच्या शिक्षणाच्या इतिहासात ज्यांचे नाव कायम राहिले ते डॉ. जॉन विल्सन याच सरहद्दीच्या प्रदेशातल्या लॉडर गावचे. नापीक डोंगर, मोठी कुटुंबे, त्या मानाने चांगल्या शाळा आणि घरी राहून पोट भरण्याची अशक्यता, या चार कारणांनी ही माणसे बाहेर पडली. लँगमचा स्तंभ म्हणजे बाहेर पडून मोठे झालेल्या मुलाचे गावाने केलेले कौतुक आहे. महिदपूर येथे पडलेल्यांचा हिशेब त्या कौतुकात येत नाही. तो आपण वाचणाऱ्यांनी आणायचा असतो.

या गावाचा वारसा स्तंभाहून जुना आहे. सोळाव्या शतकात हा सारा मुलूख दोन राज्यांच्या मधला, कोणाचेच न ऐकणारा मुलूख होता. रात्री सरहद्द ओलांडायची, गुरे हाकून आणायची, पाठलाग झाला तर लढायचे, हा येथील घराण्यांचा व्यवसाय. त्यांत आर्मस्ट्राँग घराणे सर्वांत दांडगे. त्यांचा म्होरक्या जॉनी आर्मस्ट्राँग याला पाचव्या जेम्स राजाने १५३० साली भेटीस बोलावले आणि साथीदारांसह फासावर चढवले. गावाच्या दक्षिणेला गिलनॉकी येथे या घराण्याचा मनोरा आहे आणि पाहुण्यांसाठी तो खुला केलेला आहे. राजाच्या लेखी जॉनी दरोडेखोर होता. लोकांच्या गाण्यात तो विश्वासघाताने मारलेला वीर झाला.

ही गाणी म्हणजे सरहद्दीचे पोवाडे. वॉल्टर स्कॉटने ती खेडोपाडी फिरून जमवली आणि १८०२-०३ साली तीन भागांत छापली. जवळच्या डेनम गावचा जॉन लेडन त्याच्या मदतीला होता; हाच लेडन पुढे मद्रासेस आला, पौर्वात्य भाषांत रमला, माल्कमचा मित्र झाला आणि १८११ साली जावा बेटात मरण पावला. गाणी देणाऱ्यांत कवी जेम्स हॉगची आई मार्गारेट लेडलॉ हीही होती. तिने स्कॉटला सुनावले, की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापलीत आणि त्यांची मोडतोड केलीत, आता ती कोणी गाणार नाही. लोकवाङ्मयाच्या संकलकाला मिळालेली इतकी नेमकी ताकीद दुसरी क्वचितच असेल. शालिग्राम आणि ॲक्वर्थ यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेला पोवाड्यांचा संग्रह वर्गात शिकवताना आम्हांला या बाईची आठवण होते. तो संग्रह नसता तर कित्येक पोवाडे नाहीसे झाले असते हे खरे. पण डफ-तुणतुण्याचा आवाज त्या छापील पानांतून येत नाही हेही खरेच. जतन करणे आणि जिवंत ठेवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. 'वारसा' हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो आणि तेथे घोटाळा होतो.

लँगममध्ये या दोन्ही क्रियांची उदाहरणे शेजारी शेजारी सापडतात. जिवंत राहिलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे 'कॉमन रायडिंग'. गावाच्या सामाईक जमिनीवर कोणाचा हक्क किती, हा तंटा न्यायालयात जाऊन १७५९ साली निकाल लागला. निकालाने गावाला मिळालेली जमीन गावाचीच राहावी, तर तिच्या शिवेचे दगड दरवर्षी कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजेत. प्रथम हे काम पायी होत असे. १८१६ नंतर घोडी आली आणि त्याचा उत्सव झाला. आता जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी भल्या पहाटे बासरीवाल्यांचे पथक गावाला उठवते. मग निवडलेला तरुण ध्वजधारी, ज्याला 'कॉर्नेट' म्हणतात, शेकडो घोडेस्वारांसह अरुंद चढणीवरून व्हिटा टेकडीकडे दौडत जातो. घोड्याच्या पाठीवर उभा राहून एक माणूस गावच्या जुन्या बोलीत जत्रेची द्वाही फिरवतो. मिरवणुकीत चार मानाच्या वस्तू असतात: लाकडी तबकावर खिळ्याने ठोकलेली जवाची भाकरी आणि खारवलेला मासा, शिवेची ढेकळे काढण्यासाठी कुदळ, उंच काठीवरचे भलेथोरले काटेरी थिसल, आणि गुलाबांचा मुकुट. मुले हातात झुडपांचे झाडू घेऊन चालतात.

पाहुण्याला यात रंग, घोडी आणि संगीत दिसते. मुळात हा जमिनीच्या हक्काचा वार्षिक पंचनामा आहे. गायरानावरून तंटे पाहिलेल्या आपल्या खेड्यांतल्या माणसाला हा उत्सव समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी जिवंत गोष्ट म्हणजे ग्रंथालय. याची कथा सुरू होते ती एका गवंड्यापासून. टॉमस टेलफर्ड १७५७ साली शेजारच्या वेस्टरकर्क भागात एका मेंढपाळाच्या घरी जन्मला. बाप लवकरच वारला. लँगममध्ये गवंडीकाम शिकत असताना पॅस्ली घराण्यातल्या एका वयस्क बाईने या पोराला आपल्या कपाटातली पुस्तके वाचायला दिली. मिल्टन त्याला भेटला तो तेथे. हे पॅस्ली म्हणजे माल्कमच्या आईचे माहेरचे घराणे. टेलफर्ड पुढे ब्रिटनमधला नामांकित स्थापत्य अभियंता झाला. रस्ते, कालवे आणि पूल बांधत राहिला. १८३४ साली तो वारला, तेव्हा लँगम आणि वेस्टरकर्क येथील ग्रंथालयांना प्रत्येकी एक हजार पौंड त्याने ठेवले होते. वेस्टरकर्कचे ग्रंथालय तर १७९३ साली तेथील खाणीतल्या मजुरांनीच सुरू केलेले. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या सुमारास, पुस्तकांची देवघेव होई, असे टेलफर्डच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. डोंगरवाटेने ग्रंथ घेऊन घरी परतणाऱ्यांना चंद्राचा उजेड हवा असे.

१८९२ साली लँगममध्ये जन्मलेल्या ख्रिस्तोफर ग्रीव्हचा बाप पोस्टमन होता. कुटुंब राहत होते ते ग्रंथालयाच्या इमारतीत, आणि इमारतीची देखभाल आईकडे होती. वरच्या मजल्यावर बारा हजारांहून अधिक ग्रंथ, आणि मुलाला तेथे मोकळा वावर. कपडे धुण्याची टोपली घेऊन वर जायचे, ती पुस्तकांनी भरून खाली आणायची, असे त्याने पुढे सांगितले आहे. एका बाईने एका गवंड्याला पुस्तक दिले. गवंड्याने गावाला ग्रंथसंपदेसाठी पैसा दिला. आणि त्या ग्रंथांवर एक कवी पोसला गेला. सव्वाशे वर्षांची ही साखळी कोणत्याही टेकडीवर उभारलेली नाही. आमच्या मते या गावाचे खरे स्मारक तीच आहे.

मॅकडर्मिड हे नाव त्याने १९२२ साली घेतले. स्कॉट बोली तोवर विनोदापुरती, भावुक गाण्यांपुरती आणि बर्न्सच्या जयंतीपुरती उरली होती. मोठा विचार करायचा तर इंग्रजीत, असा संकेत रूढ होता. मॅकडर्मिडने तो मोडायचे ठरवले. निरनिराळ्या भागांतले, निरनिराळ्या शतकांतले शब्द त्याने उचलले. जुन्या शब्दकोशाची पाने चाळून विसरलेले शब्द बाहेर काढले आणि त्यांतून एक अशी भाषा घडवली जी कोणत्याही एका गावात बोलली जात नव्हती, पण जिच्यात युरोपभरच्या नव्या कवितेशी बोलता येत होते. १९२५ आणि १९२६ साली त्याचे पहिले दोन काव्यसंग्रह आले आणि १९२६ सालीच 'अ ड्रंक मॅन लुक्स ॲट द थिसल' हे दीर्घकाव्य. दारू प्यालेला एक माणूस चांदण्या रात्री टेकडीच्या उतारावर पडला आहे आणि समोरच्या काटेरी थिसलकडे पाहतो आहे. त्या झुडपात त्याला देश दिसतो, देह दिसतो, विश्व दिसते; आणि मध्येच त्याच्या बालपणातली कॉमन रायडिंगची मिरवणूकही त्या काट्यांतून उमलते. गावच्या जत्रेतला काठीवरचा थिसल आधुनिक युरोपीय कवितेच्या केंद्रस्थानी आला तो असा.

या कवितेला सूर देणारा माणूसही लँगमनेच दिला. फ्रान्सिस जॉर्ज स्कॉट हा तेथील शाळेत मॅकडर्मिडला इंग्रजी शिकवीत असे. पुढे तो संगीतकार म्हणून पुढे आला, आणि जुन्या शिष्याच्या कितीतरी भावकवितांना त्याने चाली बांधल्या. १९२६ चे दीर्घकाव्य त्यालाच अर्पण केले आहे. त्या काव्याची मांडणी लावण्यात त्याचाही हात होता असे सांगितले जाते. मार्गारेट लेडलॉने केलेली तक्रार अशी अंशतः फिटली म्हणायची: कोशातून उचललेले शब्द पुन्हा गाण्यात आले.

आणि गावाने काय केले? गावाला हा मुलगा अडचणीचाच वाटला. राष्ट्रवादी म्हणून कम्युनिस्टांना नको, कम्युनिस्ट म्हणून राष्ट्रवाद्यांना नको, आणि बोलणे असे की दोस्तही दुखावले जावेत. चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगला लँगमने १९७२ साली मोठ्या समारंभाने गावाचे मानद नागरिकत्व दिले. आर्मस्ट्राँग आडनावाचा माणूस दिसताच फासावर द्यावा असा जुना कायदा त्या वेळी थट्टेने वाचून दाखवला, असे सांगतात. पूर्वजांच्या नावाखेरीज या गावाशी ज्याचा संबंध नव्हता, त्याला तो मान मिळाला. ज्याने गावाची बोली जगाच्या कवितेत नेली, त्या मॅकडर्मिडला तो कधीच मिळाला नाही. १९७८ साली तो वारला. दफन मात्र लँगमच्याच दफनभूमीत झाले. स्मारकाच्या जागेवरूनही विरोध झाला. ते गावात न होता गावाबाहेर डोंगररस्त्यावर झाले, यात सारे आले.

गावाच्या दृष्टीने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. माल्कमने जे काही केले ते सात समुद्रांपलीकडे. गावाला फक्त कीर्ती पोचली. मॅकडर्मिडने गावाविषयी लिहिले, गावाला उघडे केले. दूरच्या पराक्रमाचा स्तंभ उभारणे सोपे असते. घरच्या माणसाचे खरे बोलणे पचवणे कठीण. आपल्याकडच्या लेखकांच्या गावांतून फिरलेल्या कोणालाही हा अनुभव परका नसावा.

विसाव्या शतकात लँगमचे पोट लोकरीच्या गिरण्यांवर चालले. १८३७ साली येथे सुरू झालेल्या 'रीड अँड टेलर' या गिरणीचे नाव आपल्याकडे सुटाच्या कापडाच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोचले; ती मूळ लँगमची, हे मात्र फारसे कोणाच्या गावी नव्हते. येथली ती गिरणी २०१३ साली बंद पडली. अशा वेळी लहान गावे पर्यटनाकडे वळतात. मनोरे, पुतळे, कवींची घरे यांना अचानक भाव येतो. त्यात वाईट काही नाही. परंतु पाहुण्यांवर जगणारे गाव हळूहळू पाहुण्यांना आवडेल असाच भूतकाळ सांगू लागते, हा धोका असतो.

लँगमने या धोक्याला दिलेले उत्तर मोलाचे वाटते. भोवतालचे माळरान बक्लू सरदारघराण्याच्या मालकीचे होते. ते विक्रीस निघाले तेव्हा गावातल्या एका लोकसंस्थेने वर्गणी आणि देणग्या जमवून मार्च २०२१ मध्ये ५,२०० एकर जमीन ३८ लाख पौंडांना विकत घेतली आणि २०२२ साली आणखी ५,३०० एकर घेतली. तेथे आता निसर्गराखीव क्षेत्र आहे: दलदलीचे पीट जपायचे, रानझाडे वाढवायची, पक्ष्यांना थारा द्यायचा आणि पाहुण्यांनाही बोलवायचे. सामाईक जमिनीच्या शिवेभोवती दोनशे वर्षांहून अधिक काळ घोडे दौडवणाऱ्या गावाला जमीन सामाईक करण्याची कल्पना सुचावी, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही. उत्सवाने जो हक्क स्मरणात ठेवला तो प्रसंगी कामास आला.

येथे वारशाविषयीचा मूळ प्रश्न काहीसा उलगडतो. स्तंभ पाहायचा असतो. ग्रंथालय, उत्सव आणि गाणे वापरायचे असते. वापरात राहिलेला वारसा बदलतो, झिजतो, कधी विसंगतही होतो, पण तो माणसांच्या उपयोगी पडतो. नुसता पाहण्याचा वारसा अबाधित राहतो आणि मुका होतो. व्हिटा टेकडीवरचा माल्कमचा स्तंभ पाडावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या पायथ्याशी उभ्या राहणाऱ्याला महिदपूर आणि ब्रह्मावर्त हे शब्द ठाऊक असावेत, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती अपेक्षा आधी आपण पुरी केली पाहिजे. माल्कमचा संगमरवरी पुतळा मुंबईत टाउन हॉलमध्ये आहे. एशियाटिकच्या वाचनालयात जाणारे आपले किती विद्यार्थी तेथे थांबून त्याचे नाव वाचतात?

पुढच्या वेळी महाबळेश्वरच्या पेठेत विद्यार्थ्यांची सहल नेली, तर चणे खाता खाता त्यांना हे नाव सांगावे. त्याच्या गावात आणखी एक स्मारक आहे, उघड्या पुस्तकासारखे, हेही सांगावे. आणि मग वर्गात परतल्यावर त्या पुस्तकाच्या कवीची एखादी कविता, मूळ बोलीत, मोठ्याने वाचून दाखवावी. शब्द कळले नाहीत तरी चालेल. ते कानांवर पडावेत म्हणूनच त्याने कोशातून काढले होते.